डोंगर, आगगाडी आणि वहिवाट

भारतातल्या मित्रांना फोनवर "शनिवारी नॅशनल पार्कात जाऊन आलो" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग, काय दिसलं?" म्हणजे वाघ, बिबट्या, गेला बाजार अस्वल तरी. मी म्हणतो, "मेंढ्या." मग पलीकडे जरा शांतता. "आणि?" "आणि शेतकरी. त्यांची घरं, शाळा, दोन पब, एक चर्च." यावर बहुतेक जण विषय बदलतात.

त्यांचं काही चुकत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हणजे ताडोबा. गेट, परवाना, जिप्सी, गाईड, ठरलेली वेळ, आणि मुख्य म्हणजे आत माणसाने राहायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामागची कल्पनाच ती आहे आणि वाघाच्या जंगलासाठी ती योग्यही आहे. पण त्यामुळे झालंय असं की 'राष्ट्रीय उद्यान' या शब्दाला आपल्या मनात एकच चित्र चिकटलंय: कुंपण. इंग्लंडात याच शब्दाचा अर्थ जवळपास उलटा आहे, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने तो समजून घेण्यासारखा आहे असं माझं मत आहे. आज त्याबद्दलच लिहितो.

मी मँचेस्टरला राहतो. पीएचडीसाठी आलो आणि ती झाल्यावर इथेच संशोधक अभियंता म्हणून चिकटलो. प्रयोगशाळेत आठवडाभर डोकं आंबलं की शनिवारी सकाळी पिकॅडिली स्टेशनवर जायचं आणि शेफील्डकडे जाणारी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी लोकल पकडायची हा इथल्या कितीतरी लोकांचा शिरस्ता आहे, माझाही. डब्यात बघावं तर निम्म्या लोकांच्या पायात चिखलाळलेले बूट, पाठीवर सॅक, कुणाच्या पायाशी कुत्रा. उपनगरं संपतात, गिरण्यांची जुनी गावं लागतात, मग सव्वातीन किलोमीटरहून लांब असा एक बोगदा येतो. आपण कर्जतहून खंडाळ्याकडे चढताना बोगद्यातून बाहेर आलो की एकदम दरी उघडते ना, तसंच इथे होतं. बोगदा संपला की हिरवीगार खोलगट दरी, दोन्हीकडे डोंगर, आणि पाच मिनिटांत एडेल नावाचं चिमुकलं स्टेशन. घर सोडल्यापासून तासा-सव्वातासात तुम्ही पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध उभे असता.

उभे असता खरे, पण उद्यान कुठे सुरू झालं ते कळत नाही. गेट नाही, तिकीट नाही, 'आपले स्वागत आहे' अशी कमान नाही. स्टेशनातून बाहेर पडायचं, गावातल्या रस्त्याने पब ओलांडायचा, आणि एक लाकडी खांब दिसतो. त्यावर 'सार्वजनिक पायवाट' लिहिलेलं असतं आणि बाण असतो. त्या बाणाच्या मागे निघायचं. वाट सरळ एका शेतकऱ्याच्या कुरणात शिरते.

पहिल्यांदा येणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचा पाय इथे अडखळतो. कुरण कुणाचं तरी आहे, मेंढ्या कुणाच्या तरी आहेत, आपण असं घुसायचं कसं? पण कुरणाभोवतीच्या गडग्याला (चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेली भिंत, कोकणात असते अगदी तशीच) माणसाला ओलांडता यावं म्हणून पायऱ्या केलेल्या असतात. फाटक असेल तर ते उघडायचं आणि आठवणीने लावून घ्यायचं, म्हणजे मेंढ्या बाहेर जाणार नाहीत. शेतकरी समोरून आला तर हात वर करतो, आपणही करायचा. बस.

तिथून पाऊण-एक तासात डोंगराच्या कुशीत शिरतो. 'जेकब्ज लॅडर' नावाची दगडी पायऱ्यांची चढण आहे, ती दमवते. वर गेलं की किंडर स्काउटचं पठार. उंची ६३६ मीटर. हसू नका. सिंहगडाच्या निम्मी उंची आहे आणि कळसूबाईच्या पुढे तर हे टेकाड म्हणायचं. पण वर वारा असा झोडपतो की कळसूबाईची आठवण यावी, आणि उन्हाळ्यातल्या दुपारीही दहा मिनिटांत धुकं उतरून वाट गायब होऊ शकते. पठार म्हणजे सगळं पीट, हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळाची आणि गवताची काळी, स्पंजासारखी माती. पठाराच्या पश्चिम कडेला किंडर डाउनफॉल हा धबधबा आहे. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं. नाणेघाटात पावसाळ्यात होतं अगदी तेच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जुन्नरचा कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

पठारावरच्या वाटेवर मोठमोठ्या फरश्या टाकलेल्या दिसतात. त्या बऱ्याचशा लँकेशायरमधल्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या आहेत. शेकडो पायांनी पीट तुडवून वाटेचा चिखल झाला, चिखल चुकवायला लोक बाजूने चालू लागले, वाट पसरत पसरत मैदानाएवढी झाली. मग गिरण्यांच्या फरश्या हेलिकॉप्टरने वर आणून मऊ पीटवर तरंगत्या टाकल्या. वजन पसरलं, पाय फरशीवर पडू लागले, बाजूचं गवत परत आलं. इंजिनिअरच्या डोळ्याने पाहिलं तर यापेक्षा साधा आणि नेटका उपाय मला तरी सुचत नाही. आणि गोष्ट म्हणून पाहिलं तर ज्या गिरण्यांच्या धुराने हे पठार काळं आणि आम्लारी केलं, त्याच गिरण्यांची जमीन आता त्याला सावरते आहे.

आता ही जमीन कुणाची? इथेच खरी गंमत आहे. उद्यानाचं क्षेत्रफळ १,४३७ चौरस किलोमीटर. बोरिवलीचं आपलं संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ चौदापट. पण त्यातली उद्यान प्राधिकरणाच्या स्वतःच्या मालकीची जमीन आहे पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीची शेतकऱ्यांची, जमीनदारांची, पाणीपुरवठा कंपन्यांची, नॅशनल ट्रस्टसारख्या संस्थांची. पस्तीस हजारांहून जास्त माणसं उद्यानात राहतात. कुणाला उठवलेलं नाही. प्राधिकरणाच्या हातात मुख्य हत्यार एकच: बांधकाम परवानगी. घर वाढवायचं, गोठ्याचं घर करायचं, हॉटेल काढायचं, तर त्यांच्याकडे जावं लागतं, आणि भिंतीला दगड कुठला आणि छपराला काय घालणार इथपर्यंत विचारणा होते. गावकरी यावर कुरकुरतात, पबमध्ये बसलात तर ऐकू येते. पण डोंगरउतारावर एका रांगेत सारखे बंगले उभे आहेत असं दृश्य दिसत नाही, ते या कुरकुरीमुळेच.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना एडेलला घेऊन गेलो. बाबा निवृत्त तलाठी. अख्खी नोकरी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गेली, त्यामुळे जमीन दिसली की त्यांचं लक्ष देखाव्याकडे जात नाही, हद्दीकडे जातं. पहिल्या गडग्यापाशी ते थांबले. पायऱ्या पाहिल्या, खांबावरचा बाण पाहिला, कुरणातून गेलेली मळलेली रेघ पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही वहिवाट आहे."

मी म्हटलं, "हो बाबा. पण नुसती वहिवाट नाही, नोंदलेली आहे."

"कुठे नोंदलीय?"

मी सॅकमधून नकाशा काढला. इथले सरकारी सर्वेक्षण खात्याचे नकाशे कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळतात, त्यात सार्वजनिक पायवाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते. बाबांनी तो गडग्यावर पसरला, चष्मा लावला आणि पंधरा मिनिटं हलायला तयार होईनात. आई म्हणाली, "यांना इथं पण दफ्तर सापडलं."

मग त्यांनी विचारलं, "वाट नोंदवायची तर किती वर्षांची वहिवाट दाखवावी लागते?"

"वीस वर्षं. बिनतक्रार, लपूनछपून नाही, परवानगी मागून नाही."

बाबा हसायला लागले. "आपल्याकडेही वीसच की! सुखाधिकाराचा कायदा, १८८२ चा."

बरोबर होतं त्यांचं. कायदा इंग्रजांनीच केलेला, त्यामुळे वीस हा आकडा दोन्हीकडे सारखा. पण एक मोठा फरक आहे, तो बाबांनी घरी परतताना गाडीत समजावून सांगितला. आपला सुखाधिकार साधारणपणे एका जमिनीच्या मालकाला शेजारच्या जमिनीतून मिळतो, म्हणजे माझ्या शेताला जायला तुझ्या बांधावरून वाट. इंग्लंडात तो हक्क कुणाचाही असतो. ज्याच्या नावावर गुंठाभरसुद्धा जमीन नाही त्याचाही. मँचेस्टरमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, परदेशी पासपोर्टवाल्या माझाही.

हा हक्क काही कुणी उदारपणे बहाल केला नाही. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांची बरीचशी जमीन सरदार-जमीनदारांनी ग्राऊस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी बंद करून टाकली होती. वर्षात थोडे दिवस शिकार चालायची, बाकी वर्षभर रखवालदार. खाली मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत माणसं आठवडाभर धूर खायची, रविवारी समोर दिसणाऱ्या डोंगरावर पाय ठेवायची त्यांना बंदी. डोंगरावर जायचा हक्क द्या असं विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये पार्लमेंटात मांडलं. पडलं. पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, पुन्हा पुन्हा पडलं.

२४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण कामगार किंडर स्काउटवर सरळ चढून गेले. पुढारी बेनी रॉथमन, वय वर्षं वीस. रखवालदारांशी झटापट झाली, काही जणांना अटक झाली, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. गंमत म्हणजे तेव्हाच्या नेमस्त पदभ्रमण संघटनांना ही आगळीक अजिबात आवडली नव्हती, आपलं शांतपणे चाललेलं काम बिघडेल असं त्यांना वाटत होतं. पण शिक्षा ऐकून लोक भडकले आणि प्रश्न घरोघरी गेला. महायुद्धानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा झाला. सार्वजनिक वाटांची अधिकृत नोंद ठेवणं याच कायद्याने स्थानिक सरकारांना बंधनकारक केलं. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. एडेलहून निघून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी सुमारे ४३० किलोमीटरची पेनाइन वे ही वाट १९६५ मध्ये खुली झाली, तारीख मुद्दाम २४ एप्रिल. आणि उघड्या माळरानावर, डोंगरावर वाट सोडूनही मोकळं फिरायचा हक्क मिळाला तो २००० सालच्या कायद्याने. ब्राइस यांच्या विधेयकानंतर ११६ वर्षांनी! १९३२ मध्ये तो डोंगर ज्या घराण्याच्या ताब्यात होता, त्या घराण्याच्या तेव्हाच्या ड्यूकने २००२ मध्ये जाहीरपणे माफी मागितली.

म्हणजे मी शनिवारी ज्या गडग्यावरून सहज पाय टाकतो, त्या पायरीमागे तुरुंगवास आहे आणि शंभराहून जास्त वर्षांची कागदपत्रांची लढाई आहे. ती संपलेलीही नाही. मोकळं फिरायचा हक्क आजही इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे. डार्टमूर उद्यानात रानात तंबू ठोकून राहायचा हक्क आहे की नाही यावर एका जमीनमालकाने खटला लढवला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हक्क आहे असा निकाल दिला तेव्हा कुठे ते मिटलं. जुन्या वाटा नोंदवायला सरकारने मुदत घातली होती, आधी २०२६, मग २०३१. ती मुदतच काढून टाकू असं २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झालं. तोवर हौशी माणसं निवृत्तीनंतर अभिलेखागारात बसून दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे धुंडाळत होती, एकेक विसरलेली वाट शोधून अर्ज करत होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये आज सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर सार्वजनिक वाटा नोंदलेल्या आहेत. त्या अशा माणसांमुळे टिकल्या आहेत.

इथे सगळं सोन्याचं आहे असं मात्र समजू नका. उन्हाळ्यातल्या रविवारी मॅम टॉर या डोंगराखाली गाड्यांची रांग पाहिली तर लोणावळा परवडलं म्हणाल. आगगाडी असूनही बहुतेक माणसं मोटारीनेच येतात. उद्यानाच्या आत चुनखडीच्या खाणी आहेत, आणि होप गावाजवळच्या सिमेंट कारखान्याचं धुराडं अख्ख्या दरीतून दिसतं. देखणी गावं म्हणून शहरातल्या पैसेवाल्यांनी घरं घेतली, त्यामुळे गावातच जन्मलेल्या पोरांना गावात घर घेणं जमत नाही. सॅडलवर्थच्या माळाला २०१८ मध्ये लागलेली आग विझवायला लष्कर बोलवावं लागलं. आणि एक गोष्ट मला दर वेळी जाणवते. मँचेस्टरमध्ये बसमध्ये जितके आपल्या उपखंडातले चेहरे दिसतात, त्याच्या दहाव्या हिश्शानेही त्या शनिवारच्या गाडीत दिसत नाहीत. हक्क कागदावर सगळ्यांना असला तरी डोंगर आपला वाटायला पिढ्या जातात.

पण हे सगळं वजा केल्यावरही एक गोष्ट उरते. वाट ही इथे मालमत्ता आहे, सगळ्यांची मिळून. कुठल्याही मालकाला ती गुपचूप गिळता येत नाही.

आता आपल्याकडे बघू. गेल्या सुट्टीत मावळातल्या एका किल्ल्यावर गेलो होतो. कॉलेजात असताना ज्या वाटेने आम्ही दहा-बारा वेळा चढलो, तिच्या तोंडाशी आता सिमेंटची भिंत, लोखंडी फाटक आणि खुर्चीत वॉचमन. आत प्लॉट पाडलेत. वॉचमन बिचारा शेजारच्या वाडीतलाच. म्हणाला, "साहेब, आमचीच गुरं या वाटेनं वर जायची. आता आम्हीपण वळसा घालून जातो." भिंत कुणी घातली, परवानगी होती का, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी इथे नाव लिहून काही साधत नाही. कारण अशी भिंत एकच नाही. मुळशी, मावळ, भोर, कर्जत, कुठेही जा. डोंगरउतार सात-बारावर कुणाच्या तरी नावाने असतो, तो विकला जातो, कुंपण पडतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पाऊलवाट एका पावसाळ्यात नाहीशी होते. तक्रार कुणी करत नाही, कारण ती वाट 'कुणाची' नव्हती.

यावर मला नेहमी दोन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला असा की आपल्याकडची गर्दी वेगळी, मोकळीक दिली तर लोक डोंगराची वाट लावतील. गर्दी आहे, कबूल. पण आज मोकळीक नसताना तरी काय होतंय? वाटा बंद होत जातात तशी सगळी गर्दी चार-पाच ठिकाणी कोंबली जाते. तिथे अपघात होतो, मग बंदी येते. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ जिल्ह्यातल्या पावसाळी ठिकाणांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. त्या दिवसांत प्रशासनाने काहीतरी करणं भागच होतं. पण बंदी हे धोरण होऊ शकत नाही. पन्नास वाटा उघड्या, नकाशावर नोंदलेल्या, खांब लावलेल्या असतील तर गर्दी पन्नास ठिकाणी विभागते. किंडरवरच्या फरश्यांचं तत्त्वच आहे ते. वजन पसरवा, जमीन वाचते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. डोंगरातली माणसं म्हणतात, राष्ट्रीय उद्यान, संवेदनशील क्षेत्र हे शब्दच नकोत, आम्हाला उठवाल. चांदोलीची गावं उठली, हे त्यांनी पाहिलंय. माधव गाडगीळ यांच्या समितीचा पश्चिम घाटाबद्दलचा अहवाल २०११ मध्ये आला तेव्हा जी भीती पसरली (आणि पसरवली गेली), तिच्या मुळाशी हेच होतं: संरक्षण म्हणजे विस्थापन. म्हणूनच मला पीक डिस्ट्रिक्टचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. शेतकरी शेतात राहील, मेंढरं कुरणात चरतील, जमीन त्याच्याच नावावर राहील, फक्त तिथे सात मजली हॉटेल होणार नाही आणि वाट बंद होणार नाही, असाही संरक्षणाचा एक प्रकार असतो, आणि तो सत्तर वर्षांहून जास्त काळ चाललेला आहे. वाघाच्या जंगलाला गेट हवंच. पण राजगड-तोरण्याच्या रांगेला, जुन्नरच्या घाटवाटांना गेट नको आहे, वाट हवी आहे.

आणि त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. हे मी बाबांच्या भरवशावर लिहितो आहे. आपल्या प्रत्येक गावाचा नकाशा भूमिअभिलेख कार्यालयात आहे. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. एका तुटक रेषेने! माझ्या इंग्लिश नकाशात ती हिरवी आहे, बाबांच्या दफ्तरात काळी, एवढाच काय तो फरक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार, कुणाच्या खाजगी मालकीच्या नसलेल्या सार्वजनिक वाटा शासनाच्या मालकीच्या असतात. कलम १४३ खाली शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मागता येतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतरस्त्यांची सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद घ्यायचा निर्णयही राज्य सरकारने २०२५ मध्ये काढला. हे सगळं मुख्यतः शेतकऱ्यासाठी आहे, नुसत्या चालणाऱ्या माणसाला त्यात हक्क नाही, हे मान्य. पण शेतकऱ्याची वाट टिकली तर ट्रेकरचीही टिकते. आणि शेतकऱ्याची गेली की आपण कितीही भारी बूट घातले तरी भिंतीपाशीच थांबायचं.

दर शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईहून हजारो माणसं डोंगरात जातात. कितीतरी संस्था आहेत, किल्ल्यांवर कचरा गोळा करतात, टाकी साफ करतात, मोठं काम आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यातल्या एखाद्या गटाने यंदा एक गाव घ्यावं. भूमिअभिलेख कार्यालयातून त्या गावाचा नकाशा रीतसर शुल्क भरून घ्यावा, गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन नकाशातली प्रत्येक तुटक रेषा चालून यावी. कुठली वाट उघडी आहे, कुठली गवतात गेली, कुठे भिंत आली ते लिहून काढावं आणि ते ग्रामसभेत मांडावं. ग्रामपंचायतीने ठराव केला, तलाठ्याने पाहणी केली, की त्या वाटेला कागद मिळाला. किल्ल्याच्या फोटोएवढं ते देखणं काम नाही. धुळीने शिंका येतील, कार्यालयात तीन खेपा पडतील.

बाबांनी परत गेल्यावर हे सुरू केलंय. आमच्या गावाच्या शिवारात नकाशावर अकरा पायमार्ग आहेत. गुडघे दुखतात म्हणून चढाच्या वाटा ते शेजारच्या पोरांकडून चालवून घेतात. आजवर सात तपासून झाले. पाच सापडले, दोन सापडले नाहीत. उरलेल्या चारांतला एक घाट उतरून कोकणात जातो, तो बघायला ते दिवाळीनंतरची वाट पाहतायत. मी तेव्हा रजा टाकली आहे.